शिवेबाहेर तीन टिप्पर

७ एप्रिल
स्टेडियम, मैदान विभाग

गजेंद्र,

प्रथम वस्तुस्थिती मांडते, घडली त्या क्रमाने, म्हणजे मधेच थांबून आपला अर्थ लावण्याची तुझी जुनी सवय या वेळी चालणार नाही.

जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना रविवारी झाला. तो ज्या खेळपट्टीवर खेळला गेला ती मी बांधलेली होती, आणि तिची माती देऊळघाटच्या आपल्या नाल्याकाठच्या तुकड्यातून दोन वर्षांपूर्वी आणलेली होती. सामना अखेरच्या षटकापर्यंत गेला. सोमवारी व्यवस्थापनाने मला कळवले की पुढचे काही महिने येथे खेळ नाही, गाण्याचे कार्यक्रम आहेत. त्यानंतर नवा कंत्राटदार नव्या मातीच्या पट्ट्या बांधील. सबब मधल्या तिन्ही पट्ट्या खरवडून मलब्यात जातील. आज मंगळवारी सकाळी यंत्र आले. मी अर्ज करून ती माती मलब्यातून सोडवून घेतली. या क्षणी ती तीन टिप्परांत भरली जात आहे. मी ती घरी आणत आहे.

वस्तुस्थिती येथे संपते. पुढचे न वाचता तू निर्णय घेतलास तरी माझी हरकत नाही.

संपूर्ण सामन्यात समालोचकांनी खेळपट्टीविषयी एक वाक्यही उच्चारले नाही. आमच्या व्यवसायात याहून मोठी स्तुती नसते. पट्टी बिघडली की जगभर तिचे नाव होते. ती निर्दोष असली की ती नसतेच. चेंडू सकाळी ज्या उंचीने उसळत होता त्याच उंचीने शेवटी उसळला, भेगा मी ठरवल्या तेवढ्याच रुंदावल्या, आणि पायाच्या खुणा जिथे पडाव्यात तिथेच पडल्या. हे सगळे मी सीमारेषेबाहेरच्या छपराखाली, गोणपाटांच्या ढिगाजवळ उभी राहून पाहिले. तिथून फक्त माणसांचे गुडघ्यापर्यंतचे पाय दिसतात. मला तेवढेच पाहायचे असते.

मग आतषबाजी झाली, आणि बक्षिसांचा मंच आणून त्याचा एक लोखंडी पाया थेट माझ्या पट्टीवर टेकवला गेला. मी धावत गेले. ज्या गृहस्थाला सांगितले त्याने माझ्या गळ्यातले ओळखपत्र वाचले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाला, "मॅडम, आता काय फरक पडतो? मॅच संपली." त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. वरून चंदेरी कागदाचे तुकडे पडत होते. दहा मिनिटांत ते प्रत्येक भेगेत जाऊन बसले. सोमवारी दिवसभर माझे कर्मचारी जाहिरातींचे फलक उतरवत होते आणि मी गुडघे टेकून ते कागद वेचत होते; खरवडून टाकायच्या पट्टीतून. लोक हसले असतील. मला अस्वच्छ काम सोडून जाता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तू मेथीच्या जुडीत गवत ठेवून बांधायचास आणि मी ती सोडून पुन्हा बांधायची.

माझा करार स्पर्धेबरोबर संपला. नव्या कंत्राटदाराने मला विचारलेले नाही, आणि मी विचारणार नाही.

तुला एकच स्मरण देते. ही माती मी घरची म्हणून निवडली असा तुझा ग्रह आहे. नमुने सहा जिल्ह्यांतून आले होते, पिशव्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक होते, ते दुसऱ्या व्यक्तीने घातले होते, आणि निकाल लागेपर्यंत आपला नमुना कोणता हे मला माहीत नव्हते. आपली माती पहिली आली ती तिच्या गुणाने. तुझ्या वांग्यांना जी चव होती तीही तिच्याच गुणाने होती, हे मी कधी नाकारलेले नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. दहा टिप्पर गेले होते, तीन परत येत आहेत. बाकीची माती मैदानाच्या खालच्या थरांत आहे आणि ती मिळणार नाही. माती काढल्याचा खड्डा बुजवायला नेमलेल्या कंत्राटदाराने त्यात अर्धवट मुरूम टाकून काम सोडले हे मी ऐकले आहे. त्या मुरमावर ही माती टाकली तर हातभर थर बसेल. टाकण्यापूर्वी मुरूम वखरून मोकळा करून ठेव, नाहीतर पाणी मधे अडेल. टिप्पर नाल्याच्या बाजूने आत घ्यावे लागतील. बांधावरची बाभूळ छाटावी लागेल.

पुष्पांजली


११ एप्रिल
बुलढाणा, बस स्थानकासमोरील लॉज

गजेंद्र,

मी काल पोहोचले. बाभूळ छाटलेली नाही असे कळले.

टिप्पर देऊळघाटच्या शिवेबाहेर, वीटभट्टीजवळच्या पडीक जागेत उभे आहेत. तिन्ही टिप्पर पिंपळगाव राजाच्या उकंडराव नावाच्या गृहस्थांचे आहेत. पुढचा ते स्वतः चालवतात. वयाने साठीचे, बोलण्यात अखंड, आणि प्रत्येक वळणावर एक मत देणारे. संपूर्ण प्रवासात त्यांनी मला "बाई, माती नेऊन राह्यलो का हापूस आंबे?" असे किमान चार वेळा विचारले, कारण मी दर थांब्यावर ताडपत्री तपासत होते. तथापि माणूस सचोटीचा आहे. त्यांच्याच हाती काल मी पहिले पत्र तुला पोचवले.

त्यांनी परत येऊन जे सांगितले ते असे. तू ओसरीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतास. पत्र घेतलेस, वाचलेस, घडी करून टोपीत ठेवलेस आणि पुन्हा जुड्या बांधू लागलास. तुझ्या कोकिळेने चहा दिला. उकंडरावांनी दोनदा विचारले की टिप्पर केव्हा आणू, आणि तू दोन्ही वेळा त्यांना त्यांच्या गावच्या पावसाविषयी विचारलेस. एप्रिलमध्ये. मग कोकिळा आतून म्हणाली, आणि हे उकंडरावांनी मला हसत हसत तिच्याच सुरात ऐकवले: "ओटीची माती कोनी वापस आनते काय, दाजी? तुमच्या बाईले सांगजा. लय शिकेल हायेत थ्या."

म्हणजे अडचण खड्ड्याची नाही, मुरमाची नाही, बाभळीचीही नाही. अडचण ओटीची आहे.

उकंडरावांना तो प्रकार माहीत नव्हता, मला सांगावा लागला; आणि परक्या माणसाला सांगताना तो मला प्रथमच पूर्ण दिसला. तूही तिथे होतास, पण पंपाच्या मोटारीच्या खोलीपाशी पाठ करून उभा होतास, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी, पहिला टिप्पर भरायला यंत्राने दात लावण्यापूर्वी, आई वावरात आली. तिने नवे लुगडे नेसले होते. हातात खण, नारळ, तांदूळ. मी डोक्यावर पिवळे शिरस्त्राण आणि हातात मोजपट्टी घेऊन उभी होते, आणि ऊन चढण्यापूर्वी माती भरून झाकणे आवश्यक होते. आई म्हणाली, पदर पसर. मला पदर नव्हता. मी कामाच्या पोशाखात होते. कोकिळा हसली आणि सासूला म्हणाली, लग्न नाही तर ओटी कशाची भरता, आत्याबाई? तेव्हा आईने जे उत्तर दिले ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण तू ते ऐकले नसशील.

"मंग कवा भरू व मी इची ओटी? चाळीस वर्सं झाले वाट पाहून राह्यली. आज वावर सासरी चाललं, तं पोरीचीच पाठवनी समजतो मी."

मग तिने माझे शिरस्त्राण उतरवून घेतले, ते उलटे करून माझ्या हातांत दिले, आणि त्यात तांदूळ, खण, नारळ घातला. शेवटी खाली वाकून वावरातली एक मूठ माती. टिप्परच्या तोंडाला तिने आंब्याची डहाळी बांधली. यंत्रचालक, मजूर, सगळे काम थांबवून पाहत होते. मी घड्याळाकडे पाहत होते. ती मला म्हणाली, "सासर दूर हाय, पन मोठं हाय. नीट राहाय."

हे ऐकून उकंडराव न सांगता उठले आणि तिन्ही ताडपत्र्या स्वतः तपासून आले. त्यांच्या बाबतीत हे असाधारण होय.

गजेंद्र, मी मृदशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली व्यक्ती आहे. ओटी ही एक भावना आहे आणि तीन फूट खोल खड्डा ही एक भौतिक वस्तू आहे. भावनेने खड्डा भरत नाही. तू सुशिक्षित नसलास तरी शेतकरी आहेस. तुला हे माझ्याहून अधिक कळायला हवे. आईची समजूत घालणे हे तुझे काम आहे, आणि तू कोथिंबीर बांधत बसला आहेस.

आज दिवसभर मी टिप्परवर चढून मातीतले चंदेरी कागद वेचले. ते कुजत नाहीत. वावरात गेले तर पिढ्यान्‌पिढ्या राहतील. उकंडराव खालून म्हणाले, "बाई, सोनं चाळून राह्यल्या काय?" वर उभे राहिले की तुझे पत्र्याचे छप्पर दिसते, आणि त्यावर वाळत घातलेले काहीतरी पांढरे.

कळव.

पुष्पांजली


१२ एप्रिल
बुलढाणा

गजेंद्र,

आज मी जे लिहिणार आहे ते पूर्वनियोजित नाही. त्यामुळे क्रम चुकला तर समजून घे.

आज कोकिळा बाजाराला भाजी घेऊन आली होती. परतताना ती लॉजवर आली. खोलीत आली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली, रिकामी टोपली शेजारी ठेवली, आणि पाणी मागितले. मला वाटले ती तुझे उत्तर घेऊन आली आहे. ती म्हणाली, नाही, त्यांना सांगितलेच नाही की मी येणार. मग तिने तिथेच, लोक वरखाली करत असताना, मला सांगितले.

आई खड्ड्यात पडली.

गेल्या श्रावणात. कंत्राटदाराने जिथे मुरूम टाकणे थांबवले तिथे कड उभी राहिली होती; पावसाने ती सुटी झाली. आई रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायची. तिचा खुबा मोडला. तू तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलेस. शस्त्रक्रिया झाली, पण ती उठली नाही. आठ महिने ती बाजेवर आहे, आणि छपरावर मी काल पाहिले ते पांढरे तिचे अंथरूण होते.

मी कोकिळेला विचारले की मला का कळवले नाही. ती म्हणाली, आईने शपथ घातली होती. "तिची स्पर्धा होऊ द्या, म्हने. तिच्या हाताखाली लय मानसं हायेत, तिनं मधात येऊ नाई."

मी त्या आठ महिन्यांत घरी फोन केले होते. कोकिळेने उचलले की ती सांगायची, आई वावरात गेली आहे. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण आई नेहमी वावरातच असे. मी त्यापुढे काही विचारले नाही. मी मातीतल्या ओलाव्याचे मोजमाप दिवसातून तीनदा घेत होते.

मग तिने सामन्याचे सांगितले. तुम्ही आईच्या बाजेसमोर टीव्ही ठेवला होता. तिने आवाज बंद करायला लावला. खेळाडू दिसले की ती मान फिरवायची आणि पट्टी दिसली की पुन्हा पाहायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेजारच्या बायकांना ती बोट दाखवून सांगत होती, हे आपले वावर, हा बांधाकडचा कोपरा. जणू पट्टीत कोपरे ओळखू येतात. आणि शेवटी मंच आणून टेकवला तेव्हा ती बाजेवर अर्धी उठून ओरडली, "जोडे घालून काऊन चढले बे हे वावरात? कोनी बोलत काऊन नाई यायले?"

मी बोलले होते, गजेंद्र. हे तिला सांग. मी धावत गेले होते आणि बोलले होते. ते टीव्हीवर दिसले नसेल.

आता मुद्दा. कोकिळा आईचा निरोप घेऊन आली होती, आणि तो तिने मान खाली घालून सांगितला. ओटीत दिलेले परत आले तर त्याचा एकच अर्थ होतो: लेक मेली, नाहीतर लेकीने माहेर टाकले. आई म्हणते, मी दोन्हींतले एकही ऐकणार नाही. "पुष्पी आली तं टिप्पर नाई. टिप्पर आले तं पुष्पी नाई." मी रिकाम्या हाताने आले तर ती बाजेवरून दार उघडायला लावील. माती घेऊन आले तर दार नाही.

मी म्हणाले, हा तर्क नाही. कोकिळा म्हणाली, नाही, हा तर्क नाही.

मग ती म्हणाली की आईने एक वाट ठेवली आहे. ओटी म्हणजे दहा टिप्पर नव्हेत. ओटी म्हणजे ती एक मूठ. ती मूठ मी जपून ठेवली असेल, खणाच्या गाठीत, डबीत, कुठेही, तर ती माझ्यापाशी राहू द्यावी आणि बाकीची माती ही नुसती माती; ती खुशाल येऊ द्यावी. "आईनं रातभर इचार केला ताई, अन् सकाळी हे सांगतलं. थ्या म्हने, पुष्पीनं ठेवली असन. ओटीतली मूठ कोनी फेकते काय?"

मी फेकली नाही.

मी ती चाळली. प्रयोगशाळेत नेऊन तिचे परीक्षण केले, कारण वरच्या थरातल्या मुठीत मुळे आणि काडीकचरा असतो आणि माझ्या पट्टीत अपरीक्षित असे काहीही जाणार नव्हते. ती कसोटीला उतरली. मग ती मी मधल्या पट्टीच्या पहिल्या थरात, बरोबर मध्यभागी, माझ्या हाताने पसरली आणि वरून रोलर फिरवला. मला वाटले होते की तिच्यासाठी याहून योग्य जागा नाही. मला अजूनही तसेच वाटते. पण ती मूठ आता तीन टिप्परांत आहे, किंवा ज्या थरापर्यंत यंत्र पोचले नाही त्यात आहे, आणि जगातली कोणतीही प्रयोगशाळा ती वेगळी काढून देऊ शकत नाही.

कोकिळेला हे सांगितले. ती थोडा वेळ टोपलीचा काठ सोलत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, कोनतीबी एक मूठ खनात बांधून दाखवा ना. आत्याबाईले काय समजते? मातीवर काय नाव लिवलं रायते?"

ती चांगली बाई आहे. इतकी वर्षे मी तिला उथळ समजत आले, आणि त्या पायरीवर ती माझ्यासाठी खोटे बोलायला तयार होती, स्वतःच्या सासूशी, जिचे अंथरूण ती आठ महिने धुते आहे. मी तिला नाही म्हटले. आईला कळणार नाही हे खरे. मला कळेल. आई ती मूठ उशाखाली मागेल, हुंगेल, आणि मी तिच्याकडे पाहत बसेन.

जाताना ती म्हणाली की तू दोन दिवसांपासून खड्ड्याच्या कडेने तुरीच्या काड्या रोवत आहेस. तीन टिप्परांची माती कुठवर पोचेल याच्या खुणा. तू त्यावर कोणाशी बोललेला नाहीस. उकंडरावही काल वावर पाहायला गेले होते. त्यांनाही काड्या दिसल्या.

म्हणजे तुला माती हवी आहे.

मग लिहीत का नाहीस?

पुष्पांजली


१५ एप्रिल
बुलढाणा

गजेंद्र,

तुझे उत्तर आलेले नाही. म्हणून हे शेवटचे पत्र, आणि हे मी दोनदा लिहून तिसऱ्यांदा स्वच्छ केले आहे.

उकंडरावांना दुसरीकडे कामाला जायचे आहे. त्यांनी तोंडाने म्हटलेले नाही; आज सकाळी त्यांनी चाकांची हवा तपासली आणि मला म्हणाले, "बाई, गाडीलेबी घराची आठोन येते." वीटभट्टीचे मालक शालिग्राम यांनी माती मागितली आहे. काळी माती विटेला फारशी चालत नाही, पण राखेत मिसळून भागते असे त्यांचे म्हणणे. ते सभ्यपणे बोलले. उद्या सकाळी टिप्पर एकतर तुझ्या वावरात रिते होतील किंवा त्यांच्या भट्टीवर. तिसरी जागा नाही.

तू गप्प का आहेस याचा मी चार दिवस विचार केला. माझा पहिला निष्कर्ष असा होता की तू भित्रा आहेस. तो चुकीचा होता. तू हो म्हटलेस तर आईचा शब्द मोडतो आणि बहीण तुटते. नाही म्हटलेस तर तो तुकडा कायमचा गेला, आणि त्या तुकड्यावाचून तुझ्या मुलांना भाजीचा धंदा ठेवून जाता येणार नाही. तू दोन्ही म्हणू शकत नाहीस, म्हणून काड्या रोवतोस. तुझ्या जागी मीही काही वेगळे केले नसते. फक्त काड्या एका ओळीत रोवल्या असत्या.

तेव्हा तुझ्यापुढचा पेच मी सोडवते. या घरात अवघड हिशेब नेहमी मीच सोडवत आले आहे.

मी ओटी परत करते.

याचा अर्थ आईने सांगितला आहे आणि तो मला समजतो. दोन अर्थांपैकी पहिला सध्या लागू नाही. दुसरा तू तिला सांग: पुष्पांजलीने माहेर टाकले. ती रडेल. तिला माझा राग येऊ दे. रागाने माणूस दुःखापेक्षा लवकर जेवू लागते. पाहुण्यांत विचारणा झाली तर दोष माझा आहे, शिक्षणाने डोके फिरले, असे सांगितले तरी चालेल. त्यावर सर्वांचा सहज विश्वास बसेल. टिप्पर येतील, मी येणार नाही. मी शिवेच्या आत पाऊल टाकणार नाही, उद्या नाही आणि नंतरही नाही. पुढे कधी आई गेली तर ते मला कळवायचे की नाही ते तू ठरव. कळवलेस तरी मला येता येणार नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी माझी वाट पाहून खोळंबणार नाही.

तुला हे मोठेपणाचे वाटू नये. माझ्यापाशी आता पट्टी नाही, पद नाही, आणि जी जागा मी दोन वर्षे रोज मोजली तिथे उद्यापासून मंच उभे राहतील. कोणत्याही ओळखपत्रावर कायमचा पत्ता विचारला की मी आजवर देऊळघाट लिहीत आले. तो एक शब्द सोडला तर माझ्याकडे परत करण्याजोगे काहीही नाही, आणि खड्डा त्या शब्दाने भरणार असेल तर तो भरलेला बरा. आई पुन्हा चालू लागली, तर निदान त्या कडेवरून पडणार नाही. मला एवढेच हवे आहे. यापुढे कोणी त्यात पडू नये.

आता काही व्यावहारिक सूचना. ही माती तुला पहिल्यासारखी वाटणार नाही. ती दोन वर्षे रोलरखाली दबली आहे; ढेकूळ दगडासारखे फुटेल. घाई करू नकोस, वरवर यंत्र फिरवून ती बारीक करायचा प्रयत्न तर मुळीच करू नकोस. पावसात ती फुगेल, उन्हात भेगाळेल, आणि दोन-तीन वर्षांत आपल्याच भेगांनी आपली नांगरट करून घेईल. काळ्या मातीला तेवढे कळते. पहिल्या वर्षी वांगी लावू नकोस. ताग पेर आणि गाड. पट्टीवरच्या गवताची मुळे फुटून येतील, ती हाताने काढ. चंदेरी कागद मी शक्य तेवढे वेचले आहेत. तरी काही राहिले असतील आणि नांगरताना वर येतील. ते मातीत राहू देऊ नकोस. आणि आईला दाखवू नकोस.

ती मूठ कदाचित तुझ्याकडे येत असेल. कदाचित नसेल. टिप्पर रिते करताना कोकिळेला चपला काढायला सांग.

उद्या सकाळी उकंडराव तुझ्या ओसरीत येतील आणि उभे राहतील. त्यांना पावसाविषयी विचारू नकोस. मला उत्तर हवे आहे, आणि ते लेखी हवे आहे: टिप्पर आत घ्यावेत किंवा घेऊ नयेत, या दोहोंपैकी एक वाक्य, तुझ्या अक्षरात, खाली सही. तोंडी निरोप मी स्वीकारणार नाही. तोंडी निरोप आला तर उकंडराव तो तुझ्या आवाजात सांगतील, त्यांना तशी सवय आहे. आणि त्याची सुरुवात तू 'ताई' म्हणून केलेली असेल, आणि मग मी टिप्पर भट्टीवर पाठवून रिकाम्या हाताने तुझ्या दारात येईन, आणि खड्डा तसाच राहील.

म्हणून कागदावर लिही. वर मायना घालू नकोस.

पुष्पांजली